हप्ता बारा महिन्यांचा, सीझन सहा महिन्यांचा

गोव्यातल्या पर्वरीच्या एका डबल बेस (व्हायोलिनच्या जातीचं, उभं राहून वाजवायचं मोठं वाद्य) वादकाचं पत्र आलं आहे. वय ३३, घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. हॉटेलांत जॅझ ट्रिओ, लग्नं, नाताळातले कार्यक्रम, आणि वर्षातून चार-पाच वेळा मुंबईत रेकॉर्डिंग किंवा चेंबर ऑर्केस्ट्राचं काम. नऊ वर्षांपूर्वी घेतलेला प्लायचा (प्लायवुडचा) बेस अजून चालू आहे. आता मुंबईतले एक ज्येष्ठ वादक कायमचे परदेशी निघाले आहेत आणि आपला कोरीव (अखंड लाकूड कोरून केलेला) बेस साडेपाच लाखांना द्यायला तयार आहेत. बँक चार लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी द्यायला तयार आहे. विचारलं आहे की लोन घेऊन उरलेले दीड लाख ३,२०,००० रुपयांच्या एफडीतून काढावेत का. मित्राने सांगितलं आहे, "घेऊन टाक, टॅक्समध्ये वाचेल."

नमस्कार. तुम्ही वर्षभराच्या गिगची, म्हणजे वाजवलेल्या कार्यक्रमांची, वही फोटो काढून पाठवलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. कमाईची अशी महिनावार नोंद ठेवणारे वादक मला फार कमी भेटले आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच आहे.

नोव्हेंबर ते एप्रिल महिन्याला सरासरी १३ गिग. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत सात-सात. जून ते सप्टेंबर महिन्याला तीन. वर्षाचे १०४ गिग, दर गिगचे सरासरी ६,००० रुपये, त्यातून बेस न्यायच्या भाड्याच्या गाडीचे ९०० गेले की हातात ५,१००. शिकवणीचे महिन्याला ८,००० वेगळे. घरखर्च ३२,०००.

वर्षाची बेरीज केली तर खर्च भागून २,४०,००० च्या आसपास उरतात. लोनचा हप्ता होतो १०,९३०, म्हणजे वर्षाला १,३१,०००. बँकेतल्या माणसाने हाच हिशेब मांडून "आरामात बसतं" असं सांगितलं असणार, आणि वर्षाच्या बेरजेत ते खरंच बसतं.

आता फक्त जुलै महिना बघा. तीन गिगचे १५,३०० आणि शिकवणीचे ८,००० मिळून २३,३००. घरखर्च ३२,०००. आत्ताच ८,७०० कमी पडतात. त्यावर हप्ता आला की तूट १९,६०० वर जाते, आणि अशा चार महिन्यांची मिळून ७८,००० च्या पुढे. ही तूट चार वर्षं, चारही पावसाळ्यांत येणार. त्यात आईच्या दवाखान्याचा खर्च आला, किंवा एखाद्या हॉटेलने सीझन उशिरा सुरू केला, तर क्रेडिट कार्ड बाहेर निघेल. माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांची कर्जं बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये फुगलेली असतात. म्हणून माझं उत्तर: हे लोन घेऊ नका. चार वर्षांत व्याजाचेच सव्वा लाख जातील आणि साडेपाचचा बेस पावणेसातला पडेल. नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला २६ गिग जास्तीचे वाजवावे लागतील, आणि कोरीव बेस आणला म्हणून हॉटेलवाला २६ रात्री वाढवून देत नाही.

टॅक्सचं मित्राने सांगितलं आहे ते तुम्हाला लागू होत नाही. व्यवसायाचं साधन म्हणून वाद्यावर वर्षाला १५ टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून वजावट) दाखवता येतो, हे बरोबर आहे. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यच होतो. मुळात भरायचाच नाही, तो कर वाचणार कुठून? उलट तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मला चुटपुट लागली: "टॅक्स बसत नाही म्हणून रिटर्न भरत नाही." उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, तेव्हा कर शून्य असला तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. शिवाय ज्या हॉटेलकडून वर्षाला २,६०,००० मिळतात, ते १० टक्के टीडीएस कापतं. म्हणजे वर्षाला २६,००० रुपये तुमच्या नावाने सरकारकडे जमा होतात आणि रिटर्न नाही म्हणून परत येत नाहीत. एका वर्षाच्या परताव्यात स्टीलच्या चांगल्या तारांचा अख्खा सेट येईल आणि वर पैसे उरतील. रिटर्नची मुदत हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबशुल्क देऊन भरता येतं. मागच्या वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो का, ते या आठवड्यातच सीएला विचारा.

आता बेसकडे येते. माझे काका मुंबईत रेकॉर्डिंगला बेस वाजवायचे, त्यामुळे हे वाद्य घरात असलं की काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. काकांच्या कोरीव बेसची पुढची कड एका श्रावणात सुटली होती. बोटाच्या पेराने कडेने टकटक करत गेलं की ज्या जागी आवाज पोकळ, फुटका यायचा तिथे सांधा उघडलेला. काका मला म्हणाले होते, "सांधा सुटला तर बरं. सरस सुटतो म्हणून लाकूड वाचतं." दमटपणाने स्प्रूस लाकडाची पुढची पाटी फुगते, एसीच्या लॉबीत ती आक्रसते, आणि सरसाने हार मानली नाही तर पाटीच तडकते. प्लायला हा त्रास जवळजवळ नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. कोरीव बेस घरी आला तरी तुम्हाला प्लाय विकता येणार नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या लग्नात साडेपाच लाखांचं वाद्य तुम्ही नेणार नाही, नेऊही नये. तुमचे बहुतेक गिग पिकअप (वाद्याचा आवाज अॅम्पला पोचवणारं छोटं साधन) लावून अॅम्पमधून जातात, आणि तिथे दोन्ही बेसमधला फरक पुष्कळ कमी होतो. खरा फरक पडतो गज चालवताना, माइकसमोर, ऑर्केस्ट्रात. ती कामं तुमच्या वहीत वर्षाला चार-पाच आहेत, तीही मुंबईत, आणि तिथे तुम्ही आत्तापर्यंत ओळखीतला बेस घेऊन वाजवत आला आहात. बाहेरगावी गेलेला बेसिस्ट तिथलाच बेस घेऊन वाजवतो, यात काही कमीपणा नाही. जगभर हेच चालतं.

तरीही "घेऊच नका" असं मी म्हणणार नाही. पत्रात लिहिलंत तशी तुम्हाला ऑडिशन द्यायची आहे, आणि उसन्या बेसवर रोजचा रियाज होत नाही. गजाखाली तार कशी बोलते हे हाताला रोज कळावं लागतं. चांगलं वाद्य हवंसं वाटणं हा तुमच्या बाबतीत हट्ट नाही, कामाचा भाग आहे. फक्त पैसे द्यायची पद्धत तुमच्या सीझनला जुळणारी हवी.

इथे विकणाऱ्यांची बाजू नीट पाहा. डबल बेस परदेशी नेणं सोपं नसतं. मोठी फ्लाइट केस लागते, आणि आत बेस ठेवला की विमान कंपन्यांची एका नगाची ३२ किलोची मर्यादा सहज ओलांडली जाते. मग कार्गो, आणि त्याचा खर्च. आपल्याकडे कोरीव बेस विकत घेणारेही मोजकेच. त्यांना तो चांगल्या हातात द्यायचा आहे, बंद खोलीत सडू द्यायचा नाही. तेव्हा त्यांना भेटून स्पष्ट बोला: साडेचार लाख, ८०,००० आत्ता, आणि उरलेले ३,७०,००० तीन सीझनमध्ये, फक्त नोव्हेंबर ते एप्रिल, महिन्याला सुमारे २०,६००. बिनव्याजी. पावसाळ्यात काही नाही. कागद करा, प्रत्येक रकमेची पावती घ्या, पैसे बँकेतूनच पाठवा. शेवटची रक्कम जाईपर्यंत मालकी त्यांची, आणि विम्याचा हप्ता पहिल्या दिवसापासून तुमचा, हे कागदावर असू द्या.

सीझनमध्ये महिन्याला घरखर्च जाऊन ४२,३०० उरतात. त्यातून २०,६०० बेसचे. ६,००० एका वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. सहा महिन्यांत ३६,००० होतात, आणि जून ते सप्टेंबर महिन्याला ९,००० काढले की ती ८,७०० ची तूट भरून निघते. याला घरात "पावसाळ्याचा पगार" म्हणा, म्हणजे दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही. उरलेल्या १५,७०० मधून पीपीएफ, विमे आणि तारा.

एफडीतले दोन लाख म्हणजे घरचे सहा महिने. ते बेससाठीसुद्धा मोडायचे नाहीत. वरच्या १,२०,००० मधून ८०,००० बेसला, आणि ४०,००० तुमच्या जुन्या प्लायला. होय, प्लायलाच. फिंगरबोर्ड रंधून घ्या, साउंडपोस्ट (पुढची पाटी आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली आतली दांडी) नीट बसवून घ्या, तारा पेलणाऱ्या ब्रिजला उंची कमी-जास्त करायच्या चकत्या लावून घ्या, म्हणजे पावसाळ्यात तारा वर आल्या की तुम्हालाच खाली घेता येतील. तुम्ही मनगट दुखतं असं लिहिलं आहे. उंच तारांवर रात्री तीन-तीन सेट वाजवलेत तर ते दुखणारच, आणि तुमच्या घरातलं सगळ्यात महाग साधन तुमचं मनगट आहे. आरोग्य विमा पुरेसा आहे का पाहा, आणि अपघात विमा घेताना काम बंद पडल्यास आठवड्याला भरपाई देणारं कलम आहे का ते विचारा. झिजेचं दुखणं त्यात येत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्टकडे आत्ताच जा.

बेस बघायला एकटे जाऊ नका. वाद्य दुरुस्त करणारा जाणकार बरोबर न्या, त्याची फी आणि प्रवास तुम्ही द्या. पुढच्या पाटीवरच्या एफ-आकाराच्या छिद्रातून टॉर्च टाकून साउंडपोस्टच्या जागी पाठीला तडा आहे का, मानेचा टाचेकडचा भाग कधी मोडून जोडला आहे का, हे त्याला पाहू द्या. पाठीच्या त्या तड्याची दुरुस्ती महाग असते, आणि तो निघाला तर साडेचारलाही घेऊ नका.

आणखी एक काम, ज्याला एक पैसा लागत नाही. वर्षाला ९३,६०० तुम्ही गाडीभाड्यात घालवता आणि ते तुमच्या मानधनातून जातात. येत्या ऑक्टोबरपासून कोटेशनमध्ये "वाद्य वाहतूक ९००" ही ओळ वेगळी लिहा. ड्रमवाल्यांना ती मिळते, तुम्ही कधी मागितली नाही एवढंच. १०४ पैकी ६० ठिकाणी जरी मिळाली तरी ५४,००० होतात, म्हणजे सीझनचे अडीच हप्ते.

विकणारे तीन सीझन थांबायला तयार नसतील तर दोन सीझनवर येऊ नका. महिन्याला ३०,००० च्या वर द्यावे लागतील आणि डिसेंबरमध्ये एक आठवडा आजारी पडलात तरी सगळं कोलमडेल. मग त्यांना भाड्याने मागा, की माझ्याकडे राहू दे, मी वाजवतो, सांभाळतो, ग्राहक मिळाला की देऊन टाका. त्यांचं काय म्हणणं पडतं ते मला कळवा. कागद करण्याआधी मसुदा पाठवलात तर मी वाचून देईन.