लाल तारा म्हाताराच असतो का?

प्रश्न : मृग नक्षत्रातला काक्षी तांबूस दिसतो आणि राजन्य निळसर. म्हणजे काक्षी म्हातारा आणि राजन्य तरुण, असंच ना? आमच्या गच्चीवरून हे दोन्ही छान दिसतात, पण १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी) द्विनेत्री लावूनही मृगातला तेजोमेघ काही सापडत नाही. काय चुकत असेल?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : रंगावरून ताऱ्याचं तापमान कळतं, वय नव्हे. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, राजन्यचा १२,००० च्या आसपास. वयाने मात्र दोघंही कोटभर वर्षांच्या घरातले. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हा ‘म्हातारा’ काक्षी तान्हं बाळ! तरीही दोघांच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय, दोघंही उतरणीला लागलेत. वजनदार ताऱ्याचा गाभा इतका तापतो, की इंधनाचा साठा मोठा असूनही तो भराभर जळून जातो. सूर्याला तेच इंधन सुमारे १,००० कोटी वर्षं पुरतं.

वयाचा अंदाज घ्यायचा तर एकटा तारा नको, कृत्तिकेसारखा पुंज बघा. त्यातले तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले. निळे, उधळे तारे सगळ्यांत आधी संपतात. कृत्तिकेत ते अजून आहेत, म्हणून पुंज तरुण, सुमारे १० कोटी वर्षांचा.

आता तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग. द्विनेत्री उत्तम आहे. फोटोतला गुलाबी रंग शोधत असाल, तर तो डोळ्यांना दिसणार नाही. दिसेल तो राखाडी धुरकट डाग. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमाराला मृग दक्षिणेला उंचावर येतो, तेव्हा बघा. तो पूर्वेला खाली असताना बघू नका, कारण शेतात पाचट पेटवल्याचा धूर क्षितिजालगत साचतो. चंद्र नसलेली रात्र निवडा. रस्त्याच्या दिव्याकडे पाठ करून २०-३० मिनिटं अंधारात थांबा. मधेच मोबाइल पाहिलात, की ही तयारी वाया जाते. कोपर कठड्यावर टेकवा, नाहीतर दहापट मोठी झालेली थरथर सगळं पुसट करते. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली दक्षिणेकडे फिकट ताऱ्यांची छोटी उभी रांग आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ म्हणजेच तेजोमेघ. त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा. तिरक्या नजरेने मंद उजेड जास्त जाणवतो.

जमलं तर एकदा मसाई पठारावर जा, तिथे फरक लगेच कळतो. दव मात्र भरपूर पडतं. भिंगावर धरलंच तर शर्टाने पुसू नका, धुळीच्या कणांनी ओरखडे उठतात. आपोआप वाळू द्या.

त्या डागाच्या मधोमध चार तारे दाटीने आहेत. दहा पटीत ते सुटे होत नाहीत. छोट्या दुर्बिणीतून ३० पटीला होतात. वय जेमतेम दहा लाख वर्षं. तारुण्य शोधत होतात ना, ते इथे आहे.