गेममधला निरोप मनाला का लागत नाही?

प्रश्न: लातूरच्या दुष्काळावरच्या आमच्या गेममध्ये आजोबा नातवासाठी जीव देतात, खेळणारे मात्र सरळ 'स्किप' दाबतात. काय चुकतंय?

उत्तर: निरोप कटसीनमध्ये (खेळ थांबवून नुसत्या दाखवलेल्या दृश्यात) नको, बटणात हवा. २०१३ च्या 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' या दोन भावांच्या गेममध्ये कंट्रोलरची डावी स्टिक थोरल्याला चालवते, उजवी धाकट्याला. थोरला जातो. पुढं पाण्याला भिणारा धाकटा काठावर अडतो आणि थोरल्याचं बटण दाबलं की पोहायला लागतो! गलबलून येतं.

आजोबांना आधी काम द्या. पोहरा शेंदताना दोर दोघांनी ओढायचा, निदान पाच-सहा वेळा, म्हणजे बोटांना सवय लागते. ते गेल्यावर नातवाला त्याच विहिरीवर आणा. पोहरा अर्ध्यावर अडकू द्या. संगीत बंद, नुसती रहाटाची करकर. मरतानाचं लांबलचक भाषण तेवढं काढाच.