ब्युटेनची अँटी आणि गॉश रूपं वेगळी का काढता येत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. २-ब्युटीनचे सिस आणि ट्रान्स (दुहेरी बंधाच्या टोकांचे मिथिल गट एकाच बाजूला किंवा विरुद्ध बाजूंना) हे आयसोमर वेगळे करून ठेवता येतात, मग ब्युटेनची अँटी आणि गॉश रूपं (मधल्या एकेरी बंधाभोवती टोकाचे मिथिल, म्हणजे CH₃ गट, समोरासमोर विरुद्ध किंवा तिरके जवळ) का नाहीत? 'एकेरी बंध फिरतो, दुहेरी फिरत नाही' हे उत्तर परीक्षेत मार्क देईल, पण ते अर्धवट आहे. फिरताना मध्ये ऊर्जेचा केवढा घाट लागतो आणि त्या तापमानाला रेणूकडे तो चढण्याइतकी ऊर्जा आहे का, हे बघायचं.

एथेनमध्ये हा घाट मोलमागे जेमतेम १२ किलोज्यूलचा. (हायड्रोजन एकमेकांवर आदळतात म्हणून तो येतो, असं सर्रास शिकवतात, पण ते त्यासाठी फारच लहान आहेत. कारण इलेक्ट्रॉनांच्या वागण्यात आहे, आणि त्यातलं नेमकं कोणतं यावर वाद आहे.) ब्युटेनमध्ये अँटीकडून गॉशकडे जायला सुमारे १५. खोलीच्या तापमानाला ही चढण किरकोळ. एकेक रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा रूप बदलतो. वायूत कुठल्याही क्षणी साधारण ७० टक्के रेणू अँटी असतात, पण दर क्षणी वेगळेच. मग वेगळे काढणार कोणाला?

२-ब्युटीनमध्ये फिरायचं तर पाय-बंधच (दुहेरी बंधातला दुसरा बंध) मोडावा लागतो, म्हणजे २५० किलोज्यूलच्या पुढे. तिथे खोलीच्या तापमानाला कोणी पोचत नाही.

खरी गंमत अधल्यामधल्यांची. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकातला कार्बन-नायट्रोजन बंध आपण एकेरी काढतो, पण नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिलकडे (C=O) ओढली जात असल्यानं तो बराचसा दुहेरीसारखा वागतो. एनएमआरमध्ये (रेणूतल्या वेगवेगळ्या अणूंचे वेगळे सिग्नल दाखवणाऱ्या तंत्रात) खोलीच्या तापमानाला त्याचे दोन मिथिल वेगळे दिसतात. नमुना चांगला तापवला की दोन्ही सिग्नल एक होतात. बायफेनिलमध्ये (जोडलेली दोन बेंझीन वलयं) तर दोन वलयांमधला बंध एकेरीच. पण त्याच्या शेजारच्या चारही जागी नायट्रो आणि कार्बॉक्सिल गट बसवले, की वलयं एकमेकांना अडतात. १९२२ मध्ये क्रिस्टी आणि केनर यांनी अशा रेणूची एकमेकांची आरसा-प्रतिमा असलेली दोन रूपं वेगळी केली होती!

आणि तापमान उतरवलं तर? क्लोरोसायक्लोहेक्झेनचं खुर्चीरूप (सहा कार्बनांच्या वलयाचा खुर्चीसारखा आकार) २५ अंश सेल्सिअसला काही मायक्रोसेकंदांत उलटतं. उणे १६० ला त्याचाच अर्धायुकाल सुमारे २२ वर्षं. जेन्सेन आणि बुशवेलर यांनी १९६० च्या दशकात उणे १५० च्या आसपास त्याच्या निव्वळ इक्वेटोरियल रूपाचे (ज्यात क्लोरीन वलयाच्या कडेने बाहेर असतो) स्फटिक मिळवले.