परसबागेतला माल उतू गेलाय? पावडरीची पुडी परत करा, वाळवण घाला

प्रश्न (खटाव तालुक्यातल्या एका ताईंचा): विहिरीजवळ 3 गुंठे परसबाग आहे. टोमॅटोची 80 रोपं एकदम भरात आली, दिवसाआड 15 किलो माल निघतोय. मेथी आणि गवारही घरात संपत नाही. आठवडी बाजारात न्यावं तर गाडीभाडं सुटत नाही. दुकानदाराने टिकवायची पावडर आणि माल झाडावर थांबवायचं टॉनिक दिलंय. वापरू का?

उत्तर: ताई, दोन्ही वापरू नका. पुड्या फोडल्या नसतील तर आजच परत करा.

आधी टॉनिक. पिकलेला टोमॅटो झाडावर थांबवून काही साधत नाही. पाणी दिलं की फळ तडकतं, अळी शिरते आणि वरच्या फुलांच्या वाट्याचा जोर खालची फळं खातात. फळाच्या बुडाला गुलाबी छटा आली की सकाळी तोडा आणि सावलीत एका थरात पसरा. चार-सहा दिवसांत घरात पिकतं. फ्रीजमध्ये कच्चं फळ घालू नका, तिथे ते पिकत नाही आणि चवही जाते. तोडे चालू असताना कोणतंही औषध मारायचं नाही. मारलंच असेल तर डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस मोजा, तोवर तो माल खायचा नाही आणि वाळवायचा तर मुळीच नाही. 10 किलो टोमॅटो वाळून अर्धा-पाऊण किलोवर येतात. पाणी उडतं, औषध बरंचसं तिथंच राहतं. दुकानदार हे सांगत नाही.

आता पावडर. दुकानात सोडियम बेंझोएट नाहीतर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट देतात आणि वर सांगतात, "टाका चमचाभर, वर्षभर बघायला नको." चमचाभर म्हणजे 4-5 ग्रॅम. या पावडरींची मर्यादा किलोमागे मिलिग्रॅममध्ये असते, चमच्यात नाही! शिवाय मेटाबायसल्फाइटचा वायू दम्याच्या माणसाला त्रास देतो. बेंझोएट आंबट पदार्थातच काम करतं, गवारीत ते घालून उपयोग शून्य. एका घरी मी टोमॅटोच्या रसाची बाटली उघडून पाहिली. रंग फिकट गुलाबी, वास नाकात झोंबणारा. दोन लिटरला दोन चमचे घातले होते. सगळा रस ओतून टाकायला लावला. परत सांगतो, घरच्या मालाला पावडर लागत नाही.

लागतं ते ऊन, आणि मार्चमध्ये आपल्याकडे त्याला तोटा नाही. घट्ट, गरदार टोमॅटो घ्या, अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा, किंचित मीठ लावा. पत्र्यावर नको, आंबटाने पत्रा गंजतो. बाजेवर प्लॅस्टिकची जाळी, त्यावर चकत्या आणि वरून मलमल. पहिल्या दिवशी दोनदा उलटा, रात्री आत घ्या, नाहीतर दव धरतं. चकती दोन बोटांत वाकवा. चामड्यासारखी वाकली आणि दाबून ओल आली नाही, की झाली. गवार उकळत्या पाण्यात 3-4 मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग उन्हात. हिरवी राहावी म्हणून सोडा घालायला कुणी सांगेल, घालू नका, शेंग गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्व जातं. मेथी मात्र सावलीतच वाळवा. पान चुरचुरलं पाहिजे.

यापुढचं काम बहुतेक जणी सोडतात आणि पावसाळ्यात बुरशी आली म्हणून रडतात. वाळलेला माल काचेच्या बरणीत पाऊणच भरा आणि आठ दिवस रोज हलवा. काचेला आतून बाष्प दिसलं की पुन्हा उन्हात. आठ दिवस काच कोरडी राहिली तरच झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढं निवडून काढू नका, बरणीच टाका.

मऊ टोमॅटोचा रस आटवून बाटलीत भरायचा असेल तर लिटरला अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व घाला, बाटल्या उकळून घ्या आणि भरल्यावरही उकळत्या पाण्यात ठेवा. गवार, घेवडा अशा बिनआंबट भाज्या घरी हवाबंद बाटलीत भरू नका. त्यात होणारं विष वासाने ओळखू येत नाही.

टोमॅटोची झाडं आणि कच्ची फळं जनावरांपुढे टाकू नका. किडकी फळं बांधावर फेकू नका, हातभर खोल गाडा.

योजना: गटाने वाळवणाचा धंदा करायचा असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत उद्योगाला 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आणि बचत गटातल्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. अर्ज चालू आहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा. 3 गुंठ्यांसाठी कर्ज काढून यंत्र घेऊ नका, यंत्र विकणारा काहीही सांगो.

आणि पुढच्या वेळी 80 रोपं एका दिवशी लावायची नाहीत. 20-20 रोपं, मध्ये तीन आठवडे. मेथीचा एकच मोठा वाफा नको, दर आठ दिवसांनी एक छोटा.