डाग वेगळा, खड्डा वेगळा

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय २६. दहावीपासून चेहऱ्यावर मुरुमं येतात, अजूनही पाळीच्या आधी हनुवटीवर दोन-चार उठतातच. दोन्ही गालांवर खड्डे आणि काळे डाग राहिलेत. लिंबू, टूथपेस्ट, सगळं लावून झालं. मैत्रिणीने सांगितलेलं एक क्रीम मेडिकलमधून आणून दोन महिने लावलं. आधी चेहरा उजळला, आता एक दिवस लावलं नाही तरी लाल होतो, आग होते. तुळशीचं लग्न झालं की लगेच माझं आहे, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. एका क्लिनिकमध्ये 'सहा वेळा लेझर करा, चेहरा काचेसारखा होईल' म्हणाले. करू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आत्ता करू नकोस. तीस वर्षं लोकांचे चेहरे बघतेय, काचेसारखा एकही पाहिला नाही. माझ्याच डाव्या गालावर तीन खड्डे आहेत, अकरावीत नखाने फोडलेल्या मुरुमांचे.

आज रात्री एक कर. खोलीतला दिवा बंद करून आरशासमोर उभी राहा आणि मोबाइलचा टॉर्च कानाजवळून गालावर आडवा मार. जिथे सावली पडते तो खड्डा. सावली नाही, नुसता रंग दिसतो, तो डाग. आता दोन बोटांनी गाल हलकेच ताण. सावली नाहीशी झाली, तर कातडी आतून चिवट धाग्यांनी खाली ओढलेली आहे, गादीला टाके घालतात ना, तशी. ताणूनही सुईने टोचल्यासारखं भोक राहिलं, तर तो अरुंद आणि खोल खड्डा. काही खड्ड्यांच्या कडा उभ्या आणि तळ सपाट असतो, कांजिण्यांनंतर राहतात तसे. बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात. म्हणून सगळ्यांवर एकच मशीन फिरवणाऱ्याचा मला राग येतो.

ओढलेल्या कातडीला सबसिजन करतात. गाल बधिर करून सुई कातडीखाली आडवी घालायची आणि ते टाके तोडायचे. आठ-दहा दिवस गाल काळानिळा दिसतो. सुईच्या भोकासारख्या खड्ड्यात टीसीए नावाचं तीव्र आम्ल टूथपिकच्या टोकाने एकेका भोकात टेकवतात. जागा पांढरी पडते, खपली धरते, आठवड्याभरात निघते. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) आणि फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेला लेझर) उथळ आणि सपाट तळाच्या खड्ड्यांना बरे. यातलं काहीच एका बैठकीत होत नाही. दोन बैठकींमध्ये चार-सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि आत नवं कोलाजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, भरायला पुढे कित्येक महिने. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. शिवाय आपली गव्हाळ-सावळी कातडी लेझरने कधी कधी उलट काळवंडते, म्हणून जाणता डॉक्टर ताकद कमी ठेवतो आणि आधी कानामागे वगैरे थोडं करून बघतो. तो ऑनलाइन मिळणारा काट्यांचा रोलर मात्र घरी फिरवू नकोस, एका मुरुमातला जंतुसंसर्ग गालभर पसरेल.

तुझ्या पत्रात खड्ड्यांपेक्षा मला ते क्रीम जास्त खटकलं. उजळणं, मग लाल होणं, आग होणं, लावल्याशिवाय चैन न पडणं, ही क्रीममध्ये स्टेरॉइड असल्याची लक्षणं आहेत. ट्यूब घेऊन आपल्या भागातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, मागचं नाव त्यांना वाचू दे. क्रीम बंद केल्यावर काही आठवडे चेहरा उसळतो आणि मुरुमं वाढतात. त्या काळात घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावली की संपलं. अशा भाजलेल्या चेहऱ्यावर लेझर करणं म्हणजे फोडावर चिमटा.

दुसरं, हनुवटीवरची मुरुमं. पाळी पुढे-मागे होत असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हार्मोन्सची तपासणी करून घे. नवी मुरुमं थांबल्याशिवाय जुने खड्डे भरायला घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. डॉक्टर ॲडापॅलिनसारखं जेल देतील. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढं, साऱ्या चेहऱ्याला मिळून. पण लाल चेहरा शांत झाल्यावरच. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या, तर लग्नाची तारीख आधी सांग. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. ही गोष्ट नवऱ्या मुलालाही ठाऊक असावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डागांचं तसं सोपं आहे. सकाळी दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन लाव, दुपारी पुन्हा. लिंबू बंद. तीन महिन्यांत डाग बरेच फिकट होऊ शकतात. खड्ड्यांचं लग्नानंतर, सवडीने बघू.

शेवटच्या महिन्यात चेहऱ्याला नवीन काही लावायचं नाही, पार्लरचं ब्लीच धरून. आणि फोटोग्राफरला आधीच सांगून ठेव, लाइट बाजूने नको, समोरून मार. टॉर्चने काय दिसतं ते तू पाहिलंच असशील.