‘आसोसियादा’ म्हणजे ‘असोसिएट’ नव्हे

प्रश्न : माझ्या भाचीने स्पेनमध्ये पीएच.डी. केली. तेथे एका औषध कंपनीत नोकरी करीत असताना २०१८ ते २०२१ या काळात ती एका सरकारी विद्यापीठात शिकवीतही असे. आता बेळगावला परतल्यावर ती महाविद्यालयांत अर्ज करीत आहे. विद्यापीठाच्या दाखल्यावर तिचे पद ‘प्रोफेसोरा आसोसियादा’ असे असून खाली ‘आ तिएम्पो पार्सिआल, ६+६’ अशी नोंद आहे. भाषांतर करून देणाऱ्याने इंग्रजीत सरळ ‘असोसिएट प्रोफेसर’ लिहिले; भाची मात्र तो कागद जोडायला तयार नाही. शिफारसपत्रे देणाऱ्यांपैकी एक ‘कातेद्रातिको’ व दुसरे ‘प्रोफेसोर तितुलार’ आहेत. या पदांचे काय करावे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भाचीचेच बरोबर आहे. स्पेनमध्ये ‘आसोसियादो’ (स्त्रीलिंगी ‘आसोसियादा’) हे बढतीच्या शिडीवरचे पदच नाही. ज्याची मुख्य नोकरी वा व्यवसाय विद्यापीठाबाहेर आहे, अशा जाणकाराला अर्धवेळ शिकवण्यासाठी बोलावतात, त्याचे हे नाव आहे. दाखल्यावरील ‘आ तिएम्पो पार्सिआल’ म्हणजे अर्धवेळ, आणि ‘६+६’ही तेच सांगते: आठवड्याला सहा तास अध्यापन आणि सहा तास विद्यार्थ्यांच्या शंकासमाधानासाठी. आपल्याकडील अतिथी व्याख्याते किंवा महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापक यांच्याशी हे पद काहीसे जुळते. मात्र आपल्याकडे त्या मानधनावरच पोट असते, तर तेथे बाहेरची नोकरी हीच नेमणुकीची अट असते. म्हणून इंग्रजीत ‘पार्ट-टाइम लेक्चरर’ लिहावे आणि मूळ स्पॅनिश पदनाम त्याशेजारी जसेच्या तसे ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार असोसिएट प्रोफेसरच्या थेट नेमणुकीसाठी किमान आठ वर्षांचा अनुभव लागतो. तीन वर्षांच्या अर्धवेळ कामावर ते पदनाम दिसले, तर छाननी समितीला शंका येणारच, आणि ती भाषांतरकारावर नव्हे, उमेदवारावर येईल.

खरे असोसिएट प्रोफेसर म्हणावेत ते ‘प्रोफेसोर तितुलार’ यांना. ते कायम सरकारी सेवेत असतात आणि त्यांच्या वरची पायरी ‘कातेद्रातिको’, म्हणजे प्रोफेसर. मात्र ‘कातेद्रातिको’पुढे ‘दे उनिवेर्सिदाद’ आहे की ‘दे इन्स्तितुतो’, हे पाहून घ्यावे. दुसरे पद माध्यमिक शाळेतील वरिष्ठ शिक्षकाचे असते. नुसत्या ‘प्रोफेसोर’वरून तर काहीच ठरत नाही, कारण शाळेतल्या गुरुजींनाही तेथे तेच म्हणतात.

‘आयुदान्ते दोक्तोर’, म्हणजे पीएच.डी. झालेल्या नव्या अध्यापकाचे खालच्या पायरीवरील पद. त्याला इंग्रजीत असिस्टंट प्रोफेसर म्हणण्याची रीत आहे, आणि ती चुकीची नाही. फक्त आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसर म्हटले की कायम नोकरी डोळ्यांसमोर येते, तर तेथे ते मुदतीचे कंत्राट आहे. २०२३ च्या विद्यापीठ कायद्याने ती मुदत सहा वर्षांची केली. त्याच कायद्याने ‘कोंत्रातादो दोक्तोर’ (पीएच.डी.धारक कंत्राटी अध्यापक) या जुन्या पदाऐवजी ‘पेर्मानेन्ते लाबोराल’ (कायम, पण कंत्राटावरील अध्यापक) हे नवे पद आणले. त्यामुळे दाखला कोणत्या वर्षीचा आहे, हे भाषांतरकाराने आधी पाहायला हवे.

स्पॅनिश शब्द सगळीकडे एकच पद सांगतो, असेही धरून चालू नये. अर्जेंटिनात ‘तितुलार’ ही सर्वांत वरची पायरी आहे आणि त्याखालचा ‘आसोसियादो’ खरोखरच पदश्रेणीतला प्राध्यापक असतो. तेव्हा कागद ब्वेनोस आयरेसचा असता, तर वरील उत्तर उलटे द्यावे लागले असते. सीमाभागातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये: मराठीत आपण राज्यपालांना विद्यापीठाचे कुलपती म्हणतो आणि कन्नड कागदात ‘कुलपती’ म्हणजे कुलगुरू. हुद्द्याचे भाषांतर करताना कोश उघडण्याआधी कागद कोणत्या राज्याचा वा देशाचा आहे ते पाहावे लागते, ते यासाठीच.

भाचीने त्या विद्यापीठाच्या कर्मचारी विभागाकडे ‘ओखा दे सेर्विसिओस’, म्हणजे सेवेचा तपशीलवार उतारा, मागवावा. त्यात नेमणुकीच्या तारखा, पद आणि पूर्णवेळ की अर्धवेळ हे सारे येते. तो अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावा यासाठी अधिकृतपणे प्रमाणित करून) घ्यावा व भाषांतर नव्याने त्यावरून करावे. कंपनीतील अनुभवाचे पत्र त्यासोबत वेगळे जोडावे. संशोधनाचा अनुभव दाखवायला तेच अधिक उपयोगी पडेल.