सोळाव्या वर्षी दुसऱ्यांची गाणी

गेल्या अंकात जॉस स्टोन या इंग्लिश गायिकेच्या ‘द सोल सेशन्स’ या सोल संगीताच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गायकीच्या, अल्बमबद्दल मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यामुळे या महिन्यात माइक, केबल आणि घरगुती स्टुडिओचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. ज्यांचे राहिले त्यांना पुढच्या अंकात उत्तरं मिळतील.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. घरात तिची आजी नाट्यपदं गुणगुणते आणि ही अरीथा फ्रँकलिन या अमेरिकी सोल गायिकेची गाणी. गळा चांगला आहे असं तिच्या बाईही म्हणतात. तुमचा लेख वाचल्यापासून तिने हट्ट धरलाय की पहिला अल्बम करायचा तो जुन्या सोल गाण्यांचाच. स्वतःचं एकही गाणं नसेल तर तो अल्बम तिचा कसा म्हणायचा? शिवाय खर्च मी करणार आहे. – एक बाबा, कोथरूड

खर्चाचं शेवटी लिहिलंत, पण खरी काळजी तीच दिसतेय. तिच्याकडे येतेच.

आधी त्या अल्बमविषयी. जॉस स्टोन इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात वाढलेली मुलगी. २००१ मध्ये बीबीसीच्या एका गाण्याच्या स्पर्धेत ती जिंकली आणि सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेत तिचा हा अल्बम आला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. दहा गाणी, दहाही दुसऱ्यांची, बहुतेक १९६० आणि ७० च्या दशकांतली. वर्षभरात स्वतःच्या लेखणीतल्या गाण्यांचा दुसरा अल्बम आला आणि आपलं खरं पदार्पण तेच, असं ती म्हणायची. तुमच्या मनात जे आहे तेच की! तरी आज वीस वर्षांनंतरही लोक पहिल्याचंच नाव काढतात.

‘तिचा कसा’ हा प्रश्न पुण्यात बसून पडावा याचं मात्र नवल वाटलं. सवाईला नवीन मुलगा स्टेजवर बसतो, सदारंगांची तीनशे वर्षांपूर्वीची बंदिश घेतो, आणि मांडवातलं कोणी म्हणत नाही की बाबा रे, स्वतःचं काही आण. आपण बघतो तो बढत कशी करतो, समेवर कसा येतो. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली त्या कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्या पदांवर मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही आला नसेल.

‘द सोल सेशन्स’ ऐकताना माझं लक्ष असतं खोलीत कोण बसलंय याकडे. मी धंद्याने रेकॉर्डिस्ट, त्यामुळे ही सवयच. निर्मात्यांमध्ये बेटी राइट होती. मायामीची ही गायिका स्वतः १९७१ मध्ये ‘क्लीन अप वुमन’ने गाजली, तेव्हा ती सतराच वर्षांची, तुमच्या मुलीएवढी. त्या गाण्यातली गिटार विली हेल या माणसाची. त्याला सगळे ‘लिटल बीव्हर’ म्हणतात. बेटी राइटने तीस वर्षांनी त्यालाच या पोरीच्या मागे बसवलं. ऑर्गनवर टिमी थॉमस, पियानोवर लॅटिमोर. दोघांच्याही नावावर सत्तरच्या दशकातली स्वतःची हिट गाणी. टिमी थॉमसचं १९७२ चं गाणं तर तुमच्या मुलीने नकळत ऐकलंही असेल, कारण ड्रेक या रॅपरचं ‘हॉटलाइन ब्लिंग’ त्याच्याच तुकड्यावर उभं आहे.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगते. मुलं येतात ती नेटवरून उतरवलेला कॅराओके ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊन. हेडफोन लावतात, काच बंद, गाणं सुरू. सूर चोख लागतो, आणि गाणं जागचं हलत नाही. कारण सोलमध्ये गायिका ओळ मुद्दाम मागे खेचते, शब्द ठेक्याच्या पलीकडे नेऊन सोडते आणि ड्रमर जागचा हलत नाही म्हणूनच ती ओढ कानाला जाणवते. ऑर्गनवाला तिच्या तोंडाकडे बघत असतो. ती श्वास घेतेय असं दिसलं की तेवढीच जागा भरतो आणि हात उचलतो. तयार ट्रॅकमध्ये ती जागा आधीच कोणीतरी भरून ठेवलेली असते, आणि ती बहुधा चुकीच्या ठिकाणी असते. तबलजीशिवाय मध्यलय गाऊन बघा म्हणावं.

म्हणून खर्चाबद्दल: दहा गाणी करू नका, चार करा. वाचलेल्या पैशांत ड्रम्स, बेस, गिटार आणि की-बोर्ड वाजवणारी चार माणसं घ्या, त्यातलं निदान एक तिच्या दुप्पट वयाचं असू दे. महिनाभर तालमी होऊ देत, त्या फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐका. स्टुडिओत सगळ्यांना एकदम वाजवू द्या. पट्टी तिच्या गळ्याची ठेवा. अरीथा ज्या पट्टीत गायली तिथेच गायचं हा हट्ट मुली फार करतात आणि तिसऱ्या टेकला घसा बसतो. व्हिडिओग्राफर, ड्रोन, डिझायनर हे सगळं नंतर.

परवानगीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, ३१-सी हे कलम आलं. मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात. तुमची गाणी पन्नास वर्षांपूर्वीची, ती अडचण नाही. पण आधी सूचना द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही दर गाण्यामागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने. घरच्या अल्बमला हे झेपायचं नाही. त्यापेक्षा ज्या डिजिटल वितरकाकडून गाणी चढवणार, तो कव्हरचे परवाने काढून देतो का आणि कोणत्या देशांपुरते, हे लेखी विचारून घ्या. व्हिडिओ करणार असाल तर त्याची परवानगी वेगळी.

सोल ही कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून, त्यांच्या हालअपेष्टांतून आलेली गायकी. इंग्लंडमधल्या गोऱ्या मुलीने ती गाऊन नाव कमवावं हे मला खटकतं. तुम्हाला नाही खटकत? – एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

खटकतं. ‘व्हिक्टिम ऑफ अ फूलिश हार्ट’ १९७२ मध्ये बेटी स्वान गायली. तिचं नाव तू जॉस स्टोनच्या आधी ऐकलं होतंस का? मीही नव्हतं. गोऱ्या चेहऱ्याला दार लवकर उघडतं हे अमेरिकेच्या संगीताच्या इतिहासात पानोपानी आहे.

पण त्याच अल्बमचं पहिलं गाणं घे, ‘द चोकिन काइंड’. ते लिहिलं हार्लन हॉवर्डने, म्हणजे नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातल्या गोऱ्या गीतकाराने. १९६७ मध्ये वेलन जेनिंग्जने ते कंट्री म्हणून गायलं. दोन वर्षांनी जो सायमन या कृष्णवर्णीय गायकाने त्याचं सोल केलं आणि त्यावर ग्रॅमी मिळवलं. मग ही मुलगी आली. त्यामुळे गाणं कोणाच्या घरचं, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही. शिवाय या अल्बमची सूत्रं हाती असलेल्यांत बेटी राइट होती, तिचं नाव निर्माती म्हणून छापलेलं आहे. ती केवळ शोभेला बसवलेली नव्हती. मला हा फरक मोठा वाटतो. तुला पुरेसा वाटला नाही तर मी भांडणार नाही.

माझी तक्रार निराळी आहे. ‘डर्टी मॅन’ हे लॉरा लीचं १९६७ चं गाणं. नवऱ्याचं बाहेर काय चाललंय ते कळल्यावर झाडू हातात घेतलेली बाई त्यात बोलते. जॉस स्टोनचा आवाज तिथे पुरा पडतो, पण ते घर काही तिने झाडलेलं नाही हे ऐकू येतं. तुझ्या आजोबांना विचारलंस तर ते म्हणतील, मग ‘मानापमाना’त भामिनी कोण झालं होतं? बरोबर, बालगंधर्व. तेव्हा नियम करू नकोस. त्यांना जमलं, हिला या एका गाण्यात नाही जमलं, एवढंच.

इंग्रजी फारसं कळत नाही, निवृत्त आहे, वेळ भरपूर. आधी मूळ गाणं ऐकावं की नंतरचं? – एक आजोबा, नारायण पेठ

एरवी मूळ आधी. या अल्बमपुरतं उलटं करा, म्हणजे आधी जॉस स्टोनचं ऐकून मग मागे जा. शब्द नाही कळले तरी चालेल, ठुमरीत तरी आपण कुठे सगळे शब्द धरतो!

सुरुवात ‘फेल इन लव्ह विथ अ बॉय’पासून करा. हे खरं तर जुनं नाहीच, द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकी रॉक बँडच्या २००१ च्या अल्बममधलं आहे, आणि मूळ नावात ‘बॉय’च्या जागी ‘गर्ल’ आहे. मूळ गाणं दोन मिनिटांच्या आत आदळआपट करून मोकळं होतं. इथे लय निम्म्यावर आणली आहे, साथीला द रूट्स हा फिलाडेल्फियाचा बँड आहे, आणि चाल ओळखू यायलाही थोडा वेळ लागतो. लय उतरवली की चालीतलं काय काय वर येतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतर एका बैठकीत ‘द चोकिन काइंड’ तीन वेळा: वेलन जेनिंग्ज, जो सायमन, जॉस स्टोन, या क्रमाने. आणि नातवाकडून बरे हेडफोन मागून घ्या. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, आणि या गाण्यांत निम्मं काम बेसचं आहे.